नऊपैकी सात चेंडू

१

सव्वाआठ वाजता टेलर मॅडमनी निळी फाइल उघडली आणि नंतर चक्क गप्प बसल्या. आमच्या कोच गप्प बसणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की ड्रेसिंग रूममध्ये बुटांच्या नाड्या बांधणारे सगळे हात थांबले.

"खुणांचा कागद कुणी घेतलाय?" त्यांनी विचारलं.

कुणीच घेतला नव्हता.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका कागदासाठी एवढा गहजब कशाला. रग्बीच्या आमच्या राष्ट्रीय लीगमध्ये बारा क्लब आहेत. प्रत्येक क्लबची एक पुरुषांची टीम, एक महिलांची, आणि दोघांचे गुण मिळून क्लब जिंकतो किंवा हरतो. फायनल दोन शनिवारी होते. पहिल्या शनिवारी आमच्या पुरुषांनी मॅच तीन गुणांनी मारली आणि आमच्या मुलींनी चौदा गुणांनी घालवली. म्हणजे आज, दुसऱ्या शनिवारी, आम्ही अकरा गुण मागे होतो.

मुली हरल्या त्या लाइनआउटमुळे. चेंडू रेषेबाहेर गेला की दोन्ही टीम शेजारी शेजारी रांगा करून उभ्या राहतात. रेषेवरून एकजण चेंडू दोन रांगांच्या मधोमध उंच फेकते, आणि खालच्या दोघी तिसरीला उचलून हवेत चढवतात. जिची उडी वेळेवर, तिचा चेंडू. फेकणारी आधी एक शब्द ओरडते. चेंडू रांगेच्या पुढच्या टोकाला येणार, मध्ये येणार की मागे, हे त्या शब्दावरून आपल्याच टीमला कळतं. टेलर मॅडमचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे आमचे शब्दही दुकानातले. सुई आणि काज म्हणजे पुढे, बटण आणि अस्तर म्हणजे मध्ये, कात्री आणि इस्त्री म्हणजे मागे. पुरुषांच्या आणि मुलींच्या टीमला हेच सहा शब्द, कारण कोच एकच, मैदान एकच आणि सरावाची संध्याकाळही एकच.

गेल्या शनिवारी आमच्या मुलींनी नऊ चेंडू फेकले. त्यातले सात समोरच्या मुलींनी हवेतल्या हवेत पळवले.

मॅडमना आठवडाभर वाटत होतं की आपल्या उड्या उशिरा पडतायत. म्हणून रोज संध्याकाळी उड्याच उड्या. आणि आज फाइल उघडली तर कागद गायब.

"मागच्या गुरुवारी मी माझ्या हातानं आत ठेवला होता," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर फाइल आज उघडतेय."

म्हणजे कागद गेल्या मॅचच्या आधीच गेला होता. सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशोब झाला आणि सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. चेंडू फेकणारी म्हणजे माझी ताई. आणि समोरच्या क्लबच्या पुरुषांच्या टीममध्ये सगळ्यात उंच चढणारा गडी म्हणजे माझा दादा. यावर वर्षभर विनोद होत आले आहेत. आज कुणी केला नाही.

"घरातूनच गेलं असणार," जिराफ म्हणाली. ही आमच्याकडची सगळ्यात उंच मुलगी, मागच्या टोकाला उडी मारणारी, ताईची पहिलीपासूनची मैत्रीण.

"कुणाच्या घरातून? नाव घेऊन बोल की," ताई म्हणाली.

"शुक्रवारी सरावानंतर तुला न्यायला कोण आलं होतं?"

"माझी स्कूटर पंक्चर होती, बाई. त्याला बोलावू नको तर काय पंक्चरवाल्याच्या खांद्यावर बसून जाऊ?"

कुणी हसलं नाही. टेलर मॅडमनी फाइल मिटली. "टीमची यादी दहा वाजता द्यायची आहे. एकदा दिली की बदलता येत नाही. तोवर मला खरं काय ते कळलं नाही, तर तुझी दोन नंबरची जर्सी आज दुसरी कुणीतरी घालेल."

ताईनं मान खाली घातली आणि हाताची पट्टी सोडायला लागली, गोल गोल, अगदी सावकाश. तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मी शोधते," कुणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे बघायला लागल्यावर कळलं की ते मीच म्हणाले होते.

मी नववीत आहे. स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून क्लबच्या सगळ्या मॅचेस मी कॅमेऱ्यात घेते, म्हणून मला सगळे दुर्बीण म्हणतात. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. पण ते गेल्या वर्षी.

"पावणेदहापर्यंत," मॅडम म्हणाल्या. "चल, पळ."

२

मी आधी थेट शत्रूच्या गोटात गेले.

दादा त्यांच्या ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात, खांबाला पाय लावून स्ट्रेचिंग करत होता. मला बघितल्यावर म्हणाला, "माकडे, इकडे यायची परवानगी नाही तुला. हेर समजून बांधून ठेवतील."

"ताईनं तुला गेल्या शुक्रवारी काय सांगितलं?"

"आईचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, तो घेऊन ये म्हणाली. मी विसरलो. आणखी काही?"

मी त्याला सगळं सांगितलं. दादाचा पाय खांबावरून खाली आला. एरवी त्याचा चेहरा सतत हसण्याच्या तयारीत असतो, तो पार बदलला.

"तिला काढतायत? फायनलमधून?"

"पावणेदहापर्यंत काही सापडलं नाही तर हो."

"बस खाली," तो म्हणाला. "गेल्या शनिवारी आमच्या पुरुषांच्या मॅचमध्ये तुमच्या कॅप्टननं, त्या बुलडोझरनं, दहा चेंडू फेकले. आम्ही किती घेतले?"

"एक."

"एक. त्यातही त्याचाच हात घसरला. सोमवारी आमच्या कोचनी मला अख्ख्या टीमसमोर उभं करून झापलं, की एवढा ताडमाड वाढलास तो काय पंखे पुसायला? मला तुमचे शब्द माहीत असते, तर मी नऊ चेंडू डोक्यावरून जाऊ दिले असते का?"

मी तिथल्या तिथे उडी मारली. इतकं सरळ होतं. शब्द दोन्ही टीमचे एकच. ताईनं ते दादाला सांगितले असते, तर दादानं ते सगळ्यात आधी स्वतःच्या मॅचमध्ये वापरले असते. त्यांची मॅच अकरा वाजता होती आणि मुलींची दीडला. अकराच्या मॅचमध्ये त्यांना काहीच माहीत नव्हतं. दीडच्या मॅचमध्ये सगळं माहीत होतं.

"मग आमच्या मुलींचे चेंडू गेले कसे?"

दादा उठून उभा राहिला. "ते मी सांगणार नाही. तू माझी बहीण आहेस, पण ही माझी टीम आहे. एवढंच सांगतो, आमच्या मुलींनी कुणाचं काही चोरलेलं नाही. कष्टाची कमाई आहे ती."

"म्हणजे तुला माहितीये."

"पळ आता," दादा म्हणाला. "पावणेनऊ झाले. आणि ताईला सांग, आज चष्मा नक्की आणतो."

३

किटवाले काका जर्सीच्या पेटाऱ्यावर बसून काळ्या जर्सीवरून चिमट्यानं काहीतरी वेचत होते.

"हे बघ, दुर्बीण," त्यांनी माझ्या नाकासमोर जर्सी धरली. "सगळीकडे पांढरी कुसं. शनिवारी धुवायला टाकल्या, रविवारी काढल्या, तेव्हापासून वेचतोय. कुणीतरी टिशू पेपर नाहीतर पट्टी तशीच ठेवून कपडे टाकलेत. बापाची लाँड्री समजतात."

"काका, निळी फाइल कुठे असते?"

"याच पेटाऱ्यात, तळाशी. कुलूप असतं. फक्त मागच्या शुक्रवारी उघडा होता, जर्सी वाटत होतो तेव्हा. एकेक जण येऊन घेऊन गेला." ते जरा थांबले. "तुझी ताई आली, जर्सी घेतली, गेली. बुलडोझर मात्र दोनदा आला. दुसऱ्यांदा म्हणाला, मोजे घट्ट होतात, मोठे द्या. मी आत शोधायला गेलो होतो मोजे."

मी वहीत लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

"सगळाच घोळ होता त्या दिवशी," काका पुढे बोलतच होते. "वर्षभर आधी मुलींची मॅच, मग पुरुषांची. माझे पेटारे तसे लावलेले. यंदा फायनलला लीगवाले म्हणाले, मुलींची मॅच मुख्य, ती नंतर. चांगलंच केलं, पण माझं सगळं उलटंपालटं झालं की नाही? आणि त्या समोरच्या मुली. त्यांची मॅच दीडला, आणि या बायका अकरापासून स्टँडमध्ये ओळीनं बसलेल्या. टाळी नाही, आरडाओरडा नाही. परीक्षेला बसल्यासारख्या. म्हटलं, काय शिस्त आहे. आपल्या मुली त्या वेळी गाणी लावून नाचत होत्या."

हे मी लिहून घेतलं नाही. माझं सगळं लक्ष त्या दोन रेघांवर होतं. मोठे मोजे. बुलडोझर.

मी स्टँडच्या पायऱ्या दोन-दोन करत चढले, कॅमेरा काढला आणि गेल्या शनिवारची पुरुषांची मॅच लावली. पहिला लाइनआउट. बुलडोझर चेंडू घेऊन रेषेवर येतो, वाकतो, डावा मोजा वर ओढतो, उभा राहतो आणि ओरडतो, "बटण." दुसरा लाइनआउट. वाकतो, डावा मोजा ओढतो, "सुई." तिसरा. चौथा. प्रत्येक वेळी डावाच मोजा. उजव्या मोज्याकडे त्यानं अख्ख्या मॅचमध्ये एकदाही बघितलं नाही.

त्या मोज्यात काहीतरी होतं.

४

बुलडोझर हा आमच्या पुरुषांच्या टीमचा कॅप्टन. वजन एकशे अठरा किलो, नोकरी ग्रंथालयात. चाळीस हजार पुस्तकांपैकी कुठलं कुठल्या फळीवर आहे हे तो डोळे मिटून सांगतो. मैदानामागच्या नळावर तो तोंड धूत होता.

"बुलडोझरदादा," मी म्हणाले, "डावा मोजा."

त्यानं नळ बंद केला. नंतर पुन्हा सुरू केला. मग पुन्हा बंद केला.

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही दहा वेळा वाकलात."

तो ओट्यावर बसला. एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या बाकावर पोतं ठेवावं तसा दिसत होता. "माझ्या लक्षातच राहत नाहीत गं ते शब्द. पुस्तकांचे आकडे राहतात. पण कात्री म्हणजे मागे की इस्त्री म्हणजे मागे, की दोन्ही, आणि अस्तर कुठलं... सरावात मी बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून वेळ मारून न्यायचो. फायनलला तसं चालणार नव्हतं. म्हणून कागद घेतला. परत ठेवणारच होतो."

"मग ठेवला का नाही?"

"हरवला." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "मॅच संपल्यावर मोज्यात हात घातला तर नाही. कुठेतरी मैदानात पडला. त्यांच्या बाजूलाच पडला असणार. त्यांच्या मुलींना सापडला आणि... सात चेंडू माझ्यामुळे गेले, दुर्बीण. आठ दिवस मला जेवण जात नाहीये."

"आणि संशय ताईवर आला, तिला टीममधून काढतायत, तेव्हा गप्प का बसलात?"

"ते आत्ता तुझ्याकडूनच कळतंय." तो उभा राहिला. "तुझ्या ताईला काढतायत? माझ्यामुळे? चल."

आम्ही ड्रेसिंग रूममध्ये शिरलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. बुलडोझरनं सगळ्यांसमोर, खाली बघत, सगळं कबूल केलं. मी दादाचं म्हणणं सांगितलं. अकराला माहीत नाही, दीडला माहीत, म्हणजे गळती या मधल्या वेळात झाली. कागद पडला तो नेमका याच वेळात. सगळं जिथल्या तिथे बसलं. टेलर मॅडमनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. जिराफ भिंतीवरचं घड्याळ वाचत बसली.

"म्हणजे कागद त्यांना सापडला," मॅडम म्हणाल्या. "झालं तर. कोडं सुटलं."

तेवढ्यात किटवाले काका मोज्यांची टोपली घेऊन आत आले. त्यांच्या बाहीवर अजून पांढरी कुसं चिकटलेली होती.

मी ती कुसं बघितली आणि त्यातलं एक बोटांनी उचललं.

"नाही," मी म्हणाले. "नाही सुटलं."

५

"काका, शनिवारी मोजे आणि जर्सी एकत्र धुतल्या होत्या?"

"एकत्रच. का?"

मी टोपलीतून बुलडोझरचे मोजे शोधून काढले, पेटाऱ्यातले सगळ्यात मोठे, आणि डावा मोजा उलटा केला. पार खाली, बोटांच्या शिवणीत, पांढरा कडक लगदा अडकला होता. नखानं कोरला तर एक तुकडा सुटा झाला. त्यावर मॅडमच्या निळ्या खडूसारख्या पेन्सिलीचा डाग होता. कपड्यावर खुणा करायची ती पेन्सिल त्यांच्याशिवाय कुणी वापरत नाही.

"कागद पडलाच नव्हता," मी म्हणाले. "मोज्यात खाली सरकला, तळव्याखाली गेला आणि तिथून थेट मशीनमध्ये. तो या क्लबच्या बाहेर गेलेलाच नाही."

बुलडोझर मटकन बाकावर बसला. बाक करकरला.

"मग चेंडू गेले कसे?" मॅडमनी विचारलं.

घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. खरं सांगते, मला माहीत नव्हतं. कागद नाही, ताई नाही, दादा नाही. मी कॅमेरा मांडीवर घेतला आणि मुलींचे नऊच्या नऊ लाइनआउट पुन्हा लावले. सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या, एकीची वेणी माझ्या कानात जात होती. मी वहीत फक्त शब्द लिहीत गेले. सुई, गेला. बटण, गेला. काज, मिळाला. सुई, गेला. कात्री, गेला. अस्तर, मिळाला. बटण, इस्त्री, सुई, तिन्ही गेले.

"काज आणि अस्तर," ताई माझ्या खांद्यावरून म्हणाली. हाताची पट्टी सोडल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "हे दोनच मिळाले. हे त्यांना का माहीत नव्हते?"

मी बुलडोझरकडे वळले. "तुम्ही दहा चेंडू फेकलेत. कुठले शब्द वापरलेत?"

"सुई, बटण, कात्री, इस्त्री."

"चारच? का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "कागद घडी करून ठेवला होता. वरच्या बाजूला चारच शब्द दिसत होते. मैदानात उभं राहून घडी कशी उघडू? सगळ्यांना दिसलं असतं."

आता मला बसवेना. मी बाकावरच उभी राहिले. काकांनी सांगितलेलं, मी न लिहिलेलं, सगळं एकदम कानात वाजायला लागलं.

"कागद कुणाला मिळाला असता तर सहाही शब्द कळले असते. त्यांना चारच कळले. कुठले चार? जे बुलडोझरदादा मैदानात ओरडले ते. त्यांच्या मुली अकरा वाजता स्टँडमध्ये बसल्या होत्या, टाळी न वाजवता. त्या मॅच बघत नव्हत्या. लिहून घेत होत्या. शब्द कुठला, चेंडू कुठे. दहा वेळा ऐकलं आणि चार शब्द सुटले. आपण दोन टीमना एकच शब्द वापरतो, मॅडम, आणि आपणच ते दोन तास आधी सगळ्या मैदानाला ओरडून सांगितले."

जिराफनं वहीवरचे शब्द बोटानं मोजले.

"पण वर्षभर तर कधी असं झालं नाही," जिराफ म्हणाली.

"वर्षभर आपली मॅच आधी असायची. तेव्हा शब्द आपण आधी ओरडायचो आणि समोरच्या क्लबच्या पुरुषांना ते ऐकून घेता आले असते. अकरा क्लब, एवढ्या मॅचेस. पण मुलींची मॅच बघायला त्यांच्यातलं कुणी आलंच नाही. सगळे बसमध्ये झोपा काढायचे."

पहिली हसली ती ताई. मग सगळ्याच. टेलर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझी वही घेऊन सगळे शब्द पुन्हा वाचले, मग त्या ताईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी. एकाच कापडात दोन मापं बसवायला गेले मी. आणि संशय तुझ्यावर घेतला."

"यादी द्यायची आहे, मॅडम," ताई म्हणाली. "दहा वाजतायत."

मॅडमनी पेन काढलं आणि दोन नंबरसमोर ताईचं नाव लिहिलं.

पण प्रश्न उरलाच होता. त्यांना चार शब्द माहीत होते आणि दीड वाजेपर्यंत पंधरा मुलींना नवे शब्द शिकवणं अशक्य होतं. तेव्हा बुलडोझर हळूच म्हणाला, "त्या आजही बसल्या असतील का स्टँडमध्ये?"

मी खिडकीशी धावले. समोरच्या स्टँडमध्ये, मॅचला तास राहिलेला असताना, लाल जॅकेट घातलेल्या चौदा मुली ओळीनं बसल्या होत्या. दोघींच्या मांडीवर वह्या.

"मग त्यांना शिकवू की आपण," मी म्हणाले. "चुकीचं."

६

बेत सोपा होता. आमचे पुरुष आज तेच सहा शब्द वापरणार, पण अर्थ फिरवून. पुढचे शब्द मागे, मागचे मध्ये, मधले पुढे. लाल जॅकेटवाल्यांना वाटणार, यांनी खुणा बदलल्या, आणि त्या नवा धडा मन लावून पाठ करणार. मग मुलींच्या मॅचमध्ये आमचे शब्द जुन्याच अर्थानं येणार. आमच्या मुलींना काहीच नवं शिकायचं नव्हतं. सगळा भार पुरुषांवर, म्हणजे बुलडोझरवर.

"मला जमेल?" त्यानं विचारलं.

"हात पुढे करा," ताई म्हणाली, आणि त्याच्या मनगटाच्या पट्टीवर तिनं सहाही शब्द मोठ्या अक्षरात लिहिले. "सगळ्यांच्या देखत बघा. लाज कसली? तुम्ही विसरता हे आता अख्ख्या क्लबला माहितीये."

अकराला पुरुषांची मॅच सुरू झाली. एकदा आमच्याच मधल्या गड्यानं जुन्या सवयीनं उडी मारली आणि चेंडू दादाच्या हातात पडला, पण बाकी सगळं सुतासारखं गेलं. बुलडोझर दर वेळी मनगट डोळ्यांसमोर धरायचा, घड्याळ बघितल्यासारखं, आणि सहाही शब्द ओरडायचा. समोर दोन्ही वह्या भरत होत्या. आम्ही पाच गुणांनी जिंकलो. आता सहाच गुण मागे.

दीड वाजता ताई पहिला चेंडू घेऊन रेषेवर आली. मी कॅमेरा कठड्यावर दाबून धरला.

"सुई," ताई ओरडली.

लाल जर्सीवाल्यांनी त्यांची सगळ्यात चपळ मुलगी मागच्या टोकाला हवेत चढवली. चेंडू पुढे, आमच्या हातात, शांतपणे. ती बिचारी वरून खाली बघत राहिली. मी किंचाळले असेन, कारण त्या फितीत दुसरा काही आवाजच ऐकू येत नाही.

मध्यंतरापर्यंत आमचे सगळे चेंडू आम्हाला मिळाले. नंतर त्यांना संशय यायला लागला, त्यांनी पाठ केलेलं सोडून दिलं आणि अंदाजानं उड्या मारायला सुरुवात केली. कधी बरोबर, कधी चूक. म्हणजे आता कुणाकडेच कुणाचं गुपित नव्हतं. मॅच सुरू होती, नुसती मॅच, आणि ती भयंकर होती. धक्के, चिखल, एकीच्या भुवईवर पट्टी. शेवटचं मिनिट आलं तेव्हा पंधरा-पंधरा. आम्हाला सात गुण हवे होते. त्यांच्या गोलरेषेच्या पलीकडे चेंडू टेकवला तर पाच, आणि त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी दोन. त्याहून एकही कमी चालणार नव्हता.

त्यांच्या रेषेपासून पाच पावलांवर आम्हाला लाइनआउट मिळाला.

वारा समोरून येत होता. अशा वाऱ्यात शहाणी फेकणारी चेंडू पुढे टाकते, अंतर कमी. लाल जर्सीवाल्याही पुढेच दाटून उभ्या राहिल्या. मागच्या टोकाला आमची जिराफ एकटी होती. सकाळच्या खटक्यानंतर ती आणि ताई एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी कॅमेरा ताईच्या चेहऱ्यावर नेला. ती रांगेकडे बघत नव्हती. रांगेवरून पार पलीकडे, जिराफकडे बघत होती.

"कात्री."

चेंडू वाऱ्यात डगमगला, पुढच्या सगळ्या हातांवरून गेला, मधल्या बोटांना जवळजवळ चाटून गेला, आणि खाली यायला लागला तेव्हा जिराफ तिथे होती, दोघींच्या खांद्यांच्याही वर, दोन्ही हात पसरून. तिनं तो छातीशी धरला. पाय जमिनीला लागताच रांगेतल्या बाकीच्या जणी तिच्या पाठीला भिडल्या आणि तो सगळा गठ्ठा पुढे सरकायला लागला. ताई रेषेवरून धावत येऊन गठ्ठ्याच्या शेपटाला चिकटली. गोलरेषा दीड पावलावर होती. जिराफ तशीच पडली असती तरी पाच गुण तिच्या नावावर लागले असते. तिनं चेंडू मागे दिला. एका हातातून दुसऱ्या हातात, अगदी मागे, ताईच्या हातात. गठ्ठा आणखी दोन पावलं ढकलला गेला आणि ताईनं चेंडू जमिनीवर दाबला.

पाच. अजून एकानं मागे.

किक अगदी कडेवरून घ्यायची होती. आमच्याकडे किक मारणारी मुलगी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे, आणि तिला घाबरताना कुणीच कधी पाहिलेलं नाही. तिनं चेंडू उभा केला, चार पावलं मागे गेली, नाक पुसलं आणि मारला. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून निघाला, वाऱ्यानं आत वळला आणि खांबाला आतून घासून पलीकडे पडला.

त्यानंतरचं माझ्या कॅमेऱ्यात नीट नाही. आधी आकाश आहे, मग पायऱ्या, मग बरेच बूट.

मी खाली पोहोचले तेव्हा जिराफ ताईसमोर उभी होती. तोंडावरचा चिखल ओला झाला होता आणि तो घामानं नव्हता.

"सकाळी मी जे बोलले..."

"मला नको सांगूस," ताई म्हणाली. "उद्या जेवायला ये घरी. दादासमोर बस आणि त्याला सांग. चोर त्यालाही ठरवलंस तू."

"तो मला कच्ची खाईल."

"खाऊ दे. आज हरलाय तो, भूक लागली असेल."

जिराफनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ताईकडे. मग तिनं ताईला दोन्ही हातांनी कमरेला धरून उचललं, सरळ डोक्याच्या वर, आणि ताई वरून ओरडत होती की उतरव, मला उंचीची भीती वाटते. हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं.